कुलूप कोणाचे, गाळा कोणाचा?

शहराच्या मालकीचा एखादा दुकानगाळा रिकामा पडला आहे. कायमचा भाडेकरू मिळेपर्यंत तो चित्रकारांना, नाटक मंडळीला, वस्तीतल्या वाचनालयाला किंवा महिला मंडळाला तात्पुरता वापरू द्यावा, म्हणजे बाजारपेठेला जाग येईल, रस्त्याला वर्दळ लाभेल आणि कलेलाही आसरा मिळेल, असा विचार गेली काही वर्षे नगरनियोजनाच्या परिसंवादांतून मोठ्या हौसेने मांडला जात आहे. ऐकावयास तो इतका गोड आहे की त्याला विरोध करणारा माणूस एक तर कलाद्वेष्टा ठरावा, नाही तर अडाणी. आमचाही त्याला सरसकट विरोध नाही. बंद शटरपेक्षा उघडा गाळा केव्हाही चांगला, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. परंतु या सगळ्या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'कला' हा नव्हे, 'समाज' हाही नव्हे. तो आहे 'तात्पुरता'. हा शब्द कोण उच्चारतो, कोणाच्या सोयीसाठी उच्चारतो आणि त्याची मुदत कोण ठरवतो, असे विचारले की परिसंवादातील खेळीमेळीचे वातावरण एकाएकी आवळते. हेच प्रश्न येथे विचारावयाचे आहेत. आणि ते हवेत न विचारता, ज्या शहरात या प्रयोगाचा सबंध जीवनक्रम जन्मापासून लिलावापर्यंत पाहावयास मिळतो त्या न्यूयॉर्कच्या अनुभवावर घासून विचारावयाचे आहेत.

प्रथम हे पाहू की गाळे रिकामे पडले कसे आणि शहराच्या मालकीचे झाले कसे. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिणेकडचा लोअर ईस्ट साइड हा श्रमिकांचा जुना भाग. पूर्व युरोपातून आलेले ज्यू शिवणकामगार, इटालियन, युक्रेनियन आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्वेर्तो रिकोहून आलेले मजूर एकामागून एक तेथल्या त्याच चाळवजा इमारतींत राहिले. तळमजल्यावर दुकान आणि वर बिऱ्हाडे, अशी त्यांची रचना. गिरणगावच्या माणसाला ती परकी वाटू नये. १९६० नंतरच्या काळात कारखाने शहर सोडून जाऊ लागले तसे घरमालकांनी दुरुस्त्या बंद केल्या. भाडे मात्र वसूल करीत राहिले. मग मालमत्ता कर थकवला, मग इमारती वाऱ्यावर सोडल्या, आणि काहींनी विम्याच्या पैशांसाठी त्या पेटूही दिल्या. १९७५ मध्ये बँकांनी शहराचे कर्जरोखे घेण्याचे नाकारले, शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि त्याच्या तिजोरीच्या किल्ल्या लोकनियुक्त प्रतिनिधींच्या हातून एका आपत्कालीन वित्त नियंत्रण मंडळाकडे गेल्या. हजारो नोकरवर्गाला घरी बसविण्यात आले. शहराच्या विद्यापीठातील विनाशुल्क शिक्षण १९७६ मध्ये संपुष्टात आले. त्याच वर्षी कायदा बदलून, तीनऐवजी एका वर्षाच्या करथकबाकीवर इमारत जप्त करण्याचा अधिकार शहराने घेतला. परिणाम असा झाला की दशक संपता संपता हजारो मोडकळीस आलेल्या इमारतींचे मालक खुद्द शहरच झाले.

म्हणजे नफा होता तोवर मालमत्ता खाजगी होती. पिळून चोथा झाल्यावर ती सार्वजनिक झाली. भांडवलशाहीला सार्वजनिक मालकीचे वावडे असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तोट्याच्या राष्ट्रीयीकरणास तिने कधीच हरकत घेतलेली नाही.

दुसरा मार्ग अधिक सरळ होता. याच भागात डेलान्सी रस्त्याच्या दक्षिणेस 'नागरी नूतनीकरणा'च्या नावाखाली १९६७ पासून घरे पाडण्यात आली. सुमारे अठराशे कुटुंबे, त्यांतली बहुसंख्य प्वेर्तो रिकन, बाहेर काढली गेली. नवी घरे झाली की त्यांना परत आणू, असे त्यांना सांगण्यात आले. त्या जमिनीपैकी बराचसा भाग सुमारे पंचेचाळीस वर्षे तसाच पडून राहिला. तेथे मोटारी उभ्या राहत. नवा आराखडा मंजूर झाला तो २०१२ मध्ये. विस्थापिताला 'तात्पुरते' बाहेर राहावयास सांगितले तर ते पंचेचाळीस वर्षे असते आणि कलापथकाला 'तात्पुरते' आत राहू दिले तर ते अकरा महिने. घड्याळ तेच, किल्ली देणारा हात मात्र निराळा.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. न्यूयॉर्कमधील 'कोलॅब' या नावाने काम करणाऱ्या कलावंतांच्या एका मंडळाने डेलान्सी रस्त्यावरील १२३ क्रमांकाच्या शहराच्या मालकीच्या रिकाम्या जागेसाठी गृहनिर्माण खात्याकडे अर्जविनंत्या केल्या. दाद लागली नाही. तेव्हा १९७९ च्या डिसेंबरअखेरीस त्यांनी कुलूप तोडले, आत साफसफाई केली आणि १ जानेवारी १९८० रोजी 'रिअल इस्टेट शो' या नावाचे प्रदर्शन लोकांसाठी खुले केले. विषय एकच: घरमालक, दलाल, जमिनीचा सट्टा आणि त्यात शहराचा हात. ब्रुकलिनमध्ये घर रिकामे करण्यास विरोध करताना पोलिसांच्या हातून मरण पावलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्मृतीस ते अर्पण केले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी अधिकाऱ्यांनी जागेला पुन्हा कुलूप ठोकले. चित्रे आत, चित्रकार बाहेर.

वर्षानुवर्षे त्या जागेकडे ढुंकून न पाहणाऱ्या खात्याला एका दिवसात तिची आठवण कशी झाली? जागा रिकामी असणे ही शासनाच्या दृष्टीने आपत्ती नव्हती. ती भरली जाणे, आणि तीही मालमत्तेचा प्रश्न विचारणाऱ्यांनी भरणे, ही आपत्ती होती. त्याच गाळ्यात फुलांची चित्रे लागली असती तर कदाचित कुलपाला चार दिवस उशीर झाला असता.

कलावंत घरी गेले नाहीत. ८ जानेवारीला बंद दारासमोर त्यांनी पत्रकारांना बोलावले. योझेफ बॉइस हा नामांकित जर्मन कलावंतही तेथे येऊन उभा राहिला. वृत्तपत्रांत बभ्रा झाला, आणि ज्या खात्याकडे अर्ज पडून होते त्याच खात्याने तडजोडीची बोलणी सुरू केली. हमरस्त्यावरची जागा मिळाली नाही. तिच्याऐवजी आतल्या बाजूच्या रिव्हिंग्टन रस्त्यावरील १५६ क्रमांकाच्या पडक्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा देण्यात आला. जवळच्या एका जुन्या पाटीवर 'अबोगादो कॉन नोतारियो', म्हणजे वकील व नोटरी, हे स्पॅनिश शब्द होते. त्यांतली गळून उरलेली अक्षरे जुळवून नव्या केंद्राचे नाव पडले 'एबीसी नो रिओ'. अर्ज करणाऱ्याला नकार आणि कुलूप तोडणाऱ्याला गाळा, हा धडा त्या खात्याने आपल्या हाताने लिहून दिला. मात्र तो अर्धाच वाचून आपल्यातील काही उतावळे मित्र कुलपे तोडावयास निघतील, म्हणून पुढचा भागही सांगितला पाहिजे.

पुढचा भाग असा की हा गाळा मुदतीच्या दोरीवरच टांगलेला राहिला. छप्पर गळे, भिंती ओल धरीत, आणि दुरुस्ती मागितली की मालक असलेले शहर कानाडोळा करी. १९९० नंतर शेजारच्या जमिनीचे भाव चढले, तशी शहराला ही मालमत्ता एकाएकी मोलाची वाटू लागली आणि बाहेर काढण्याच्या नोटिसा सुरू झाल्या. तेथे चित्रे, संगीत, छापखाना आणि मोफत अन्न शिजविण्याचे काम चालविणाऱ्यांनी कोर्टात, रस्त्यावर आणि खात्याच्या कचेरीत अशा तिन्ही आघाड्यांवर झुंज दिली. १९९७ मध्ये शहराने नमते घेतले: इमारत एका डॉलरला देऊ, पण दुरुस्तीचा पैसा तुम्ही उभा करा. खरेदीखत होण्यास २००६ साल उजाडले. २०१६ मध्ये संस्थेने जीर्ण वास्तू सोडली, २०१७ मध्ये ती पाडली गेली आणि त्याच जागेवर संस्थेच्या स्वतःच्या नव्या इमारतीचे काम सुरू झाले ते २०२४ मध्ये. ज्या जागेवर चार महिन्यांचाही भरवसा नव्हता ती टिकली. कारण तिच्या मागे सव्वीस वर्षे न पांगलेली माणसे होती, आणि त्यांनी 'तात्पुरते' या शब्दावर सही केली तरी तो मनोमन स्वीकारला नाही.

हा अपवाद आहे. नियम काय, ते शेजारच्या वास्तू सांगतात. टॉम्पकिन्स चौकाच्या कडेला क्रिस्टोडोरा हाउस ही सोळा मजली इमारत १९२८ मध्ये गरीब स्थलांतरितांसाठी समाजसेवा केंद्र म्हणून बांधली गेली. पुढे ती शहराच्या मालकीची झाली, वस्तीतल्या संघटनांनी काही काळ वापरली, मग ओस पडली. १९७५ मध्ये शहराने लिलावात ती ६२,५०० डॉलरना विकली. १९८३ मध्ये तीच १३ लाखांना आणि वर्षभरात ३० लाख डॉलरना गेली. १९८६ मध्ये तेथे श्रीमंतांची मालकी हक्काची घरे झाली. मधल्या काळात त्या इमारतीवर कोणी एक वीट तरी चढवली होती काय? वीट चढली नव्हती. भोवतालची वस्ती बदलू लागली होती. १९८८ च्या ऑगस्टमध्ये टॉम्पकिन्स चौकातून बेघरांना हुसकण्यास आलेल्या पोलिसांशी जमावाची चकमक झाली तेव्हा लोकांचा राग नेमका या इमारतीच्या काचेच्या दारावर निघाला. त्याचे समर्थन करण्याची गरज नाही. पण त्या रागाचा पत्ता चुकला होता असे म्हणवत नाही.

नवव्या रस्त्यावरील जुन्या सार्वजनिक शाळेची कथा तर मनाला अधिकच लागते. शाळा बंद पडली तेव्हा प्वेर्तो रिकन कार्यकर्त्यांनी तेथे 'चारास–एल बोइओ' हे केंद्र उभे केले. तालमी, चित्रपट, सभा, मुलांचे वर्ग, सारे तेथे चाले. वास्तू शहराची, घाम वस्तीचा. १९९८ मध्ये शहराने ती लिलावात साडेएकतीस लाख डॉलरना एका विकासकास विकली आणि २००१ च्या डिसेंबरात केंद्राला बाहेर काढले. त्यानंतर? त्यानंतर ती इमारत वीस वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. गजबजलेली जागा रिकामी करून रिकामीच ठेवली! 'रिकाम्या जागांचा सदुपयोग' करण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी या इमारतीसमोर एखादा परिसंवाद भरवावा.

मोकळ्या भूखंडांवरच्या बागांचेही तेच. १९७३ मध्ये बावरी रस्त्याच्या कोपऱ्यावर रहिवाशांनी कचऱ्याचे ढीग उपसून बाग केली. पुढल्या वर्षी शहराने महिना एक डॉलर भाड्याने तिला परवानगी दिली आणि १९७८ पासून अशा बागांसाठी नाममात्र भाड्याची रीतसर योजनाच झाली. वीस वर्षे लोकांनी माती आणली, झाडे लावली, मुले खेळवली. १९९९ मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी अशा ११४ बागांचा लिलाव पुकारला. विरोध करणाऱ्यांना त्यांनी जानेवारीत आकाशवाणीवरून सुनावले की ही मुक्त बाजारपेठेची अर्थव्यवस्था आहे. साम्यवादानंतरच्या युगात आपले स्वागत असो. टोमॅटोच्या वाफ्यात त्यांना साम्यवाद दिसला! पुष्कळदा शत्रूचे वर्गभान आपल्या मित्रांपेक्षा तल्लख असते. बाजारात न विकली जाणारी, सर्वांनी मिळून राखलेली जमीन ही मूळ व्यवस्थेला दिलेले आव्हान आहे, हे त्या महापौरांना कळले होते; आपल्याकडच्या कित्येक प्रागतिकांना ते अजून कळावयाचे आहे. अखेर दोन धर्मादाय संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या बागा वाचविल्या. म्हणजे शहराची जमीन शहरातल्या लोकांसाठी शहराकडून देणग्या गोळा करून विकत घ्यावी लागली.

या सर्व प्रकरणांचा दोरा एकच आहे. जमिनीचे मोल जमिनीत नसते. भोवतालचा समाज आपल्या श्रमाने, वर्दळीने, सुरक्षिततेने, संस्कृतीने ते निर्माण करतो आणि जमिनीचा मालक ते खंडाच्या रूपाने खिशात घालतो. एंगेल्सने घरांच्या प्रश्नावरील आपल्या लेखांत १८७२ मध्येच दाखवून दिले होते की भांडवलदारवर्ग गलिच्छ वस्ती नाहीशी करीत नाही, ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवतो. भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये याच सूत्राला आजच्या शहराची जोड दिली: जागेतून आज मिळणारे भाडे आणि तिचा 'सर्वोत्तम' वापर झाल्यास मिळू शकणारे भाडे यांतील दरी पुरेशी रुंदावली की भांडवल त्या वस्तीकडे परतते. आता आपल्या रिकाम्या गाळ्याचे या हिशेबातले स्थान पाहा. दरी रुंदावत असते त्या मधल्या काळात जागा राखावयाची असते. चोरापासून, उंदरांपासून, आणि विशेषतः बेघरांपासून. पहारेकरी ठेवला तर पगार द्यावा लागतो. कलावंत ठेवला तर तो स्वतःच रंग आणतो, दिवा लावतो, झाडू मारतो, वर रस्त्याला नावही मिळवून देतो. मग भाव चढतो आणि पहिला बाहेर पडतो तो हाच बिनपगारी पहारेकरी. १९८० नंतरच्या पाच-सहा वर्षांत ईस्ट व्हिलेजमध्ये दुकानगाळ्यांतून डझनांनी चित्रदालने उघडली. दशक संपण्याआधीच त्यांतली बहुतेक वाढत्या भाड्यापायी बंद पडली किंवा अन्यत्र गेली. वस्तीतले जुने भाडेकरू त्यांच्याही आधी गेले होते.

कलावंत आणि श्रमिक भाडेकरू यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डावही तेथेच खेळला गेला, आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. १९८० नंतर महापौर एडवर्ड कॉच यांच्या प्रशासनाने एक योजना आणली: लोअर ईस्ट साइडमधील शहराच्या ताब्यातील रिकाम्या इमारती दुरुस्त करून कलावंतांना मालकी हक्काने घरे द्यावयाची आणि त्यासाठी सार्वजनिक निधी वापरावयाचा. ज्या वस्तीत गरीब कुटुंबे घरासाठी वणवण करीत होती तेथे कलेच्या नावाने हे दान! वस्तीतल्या संघटना खवळल्या. काही कलावंतांनीही आपल्या नावावर हे पाप नको म्हणून विरोध केला, आणि १९८३ मध्ये ती योजना फेटाळली गेली. १९८० च्या जानेवारीत कुलूप तोडणारे कलावंत आणि १९८३ मध्ये कलावंतांसाठीची घरे फेटाळणारे भाडेकरू यांच्यात विसंगती आहे काय? मुळीच नाही. दोघांनीही एकच गोष्ट सांगितली: सार्वजनिक वास्तू वस्तीची आहे, ती वस्तीला डावलून कोणालाही, चित्रकारालासुद्धा, देता येणार नाही.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट शासकीय शिष्टाचाराने पार पडली. २००८ च्या आर्थिक अरिष्टात वुलवर्थ्स ही दुकानांची साखळी बुडाली आणि जानेवारी २००९ पर्यंत तिची आठशेवर दुकाने बंद झाली. तेव्हा तेथील सरकारने रिकाम्या दुकानांतून कला व समाजोपयोगी उपक्रम भरविण्यासाठी ३० लाख पौंड स्थानिक संस्थांमध्ये वाटले आणि 'मधल्या काळाचा' भाडेकरार तयार करून दिला. बँकांना वाचविण्यासाठी किती पौंड लागले त्याच्याशी या आकड्याची तुलना वाचकांनीच करावी.

आता आपल्या देशाकडे वळू. सार्वजनिक मालमत्तेला 'रिकामी' अथवा 'अल्पवापरातील' असे विशेषण लावणे ही आपल्याकडे विक्रीची पहिली पायरी झाली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मुद्रीकरण योजना जाहीर केली: चार वर्षांत रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, गोदामे, क्रीडांगणे अशा सार्वजनिक मालमत्ता खाजगी हातांत वापरास देऊन ६ लाख कोटी रुपये उभे करावयाचे. मार्च २०२२ मध्ये सरकारी उद्योगांच्या 'अतिरिक्त' जमिनी विकण्याभाड्याने देण्यासाठी स्वतंत्र महामंडळास मंजुरी मिळाली. जमीन अतिरिक्त कशी ठरते? आधी कारखान्याला कच्चा माल द्यावयाचा नाही, मग कामगार कमी करावयाचे, मग शेडला कुलूप लावावयाचे, मग म्हणावयाचे: पाहा, किती जागा वाया जात आहे! मुंबईच्या गिरणी कामगाराला हे शिकविण्याची आवश्यकता नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम ५८ आला. जमिनीचा एक हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक स्वस्त घरांसाठी गृहनिर्माण मंडळाला आणि एक मालकाला, अशी ती वाटणी होती. २००१ मध्ये वाटणी सबंध जमिनीऐवजी केवळ गिरणीच्या मोकळ्या जागेपुरती करण्यात आली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. शहराच्या वाट्याचे उद्यान, शाळा, सभागृह एका शब्दाच्या फेरफारात वाहून गेले. पुढे काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला. कामगार गेल्यावर त्याची आठवण जपावयास जागा सापडली, तो असताना त्याच्या मुलांच्या नाटकाला सापडत नव्हती.

ही सापडत नसल्याची गोष्ट आपल्या सांस्कृतिक चळवळीइतकीच जुनी आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून चाळींच्या पटांगणांत आणि मैदानांत उभे राहिले. तेच त्याचे रंगमंदिर होते. दिल्लीत १९७३ मध्ये स्थापन झालेला जन नाट्य मंच पथनाट्याकडे वळला त्यामागे सभागृह आणि मोठी रंगसामग्री परवडत नव्हती हेही एक कारण होते. स्वतःचा निवारा त्याला २०१२ मध्ये शादीपूरला, लोकांच्या मदतीवर उभारावा लागला. मराठी प्रायोगिक रंगभूमीला तर नावच एका उसन्या जागेचे मिळाले. १९७४ पासून 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात, प्रयोग सुरू केले आणि एका पिढीची रंगभूमी 'छबिलदास' म्हणून ओळखली गेली. ती जागा गेली; मग माहीमच्या एका महापालिका शाळेत संसार मांडावा लागला. येथे नाटकांच्या गुणवत्तेची चर्चा करावयाची नाही. आपल्या पक्षाच्या सांस्कृतिक आघाडीचे या रंगभूमीशी मतभेदही होते. पण एवढे खरे की शाळेची वास्तू संध्याकाळी उघडी राहिली म्हणून जे घडले ते कोट्यवधींच्या वातानुकूलित नाट्यगृहाने घडले नसते.

म्हणूनच दोन्ही बाजूंच्या चुकीच्या भूमिकांचा समाचार घेणे आवश्यक आहे. आपल्यातील काही कॉम्रेड म्हणतात: भाकरीचा, घराचा, रोजगाराचा प्रश्न पेटला असताना गाळ्यात चित्रे लावण्याच्या चळवळीत पक्षाने पडावे कशाला? हा रोखठोक वाटणारा युक्तिवाद वस्तुतः आळसाचा आहे. घरकामगार स्त्रियांच्या संघटनेची बैठक कोठे होते? फेरीवाल्यांच्या मुलांनी अभ्यासाला कोठे बसावे? संध्याकाळी सातला कारखान्यातून सुटलेला कंत्राटी तरुण वृत्तपत्र वाचावयास कोठे जाईल? ज्या वस्तीत आपल्याला दहा बाय बाराची खोली मिळत नाही त्या वस्तीत धर्माच्या नावाने उभ्या राहिलेल्या मंडळांना मात्र मंडपापासून सभागृहापर्यंत सर्व काही मिळते, आणि वर्षभर मिळते. जागा हा संघटनेचा प्रश्न आहे. केरळातील ग्रंथालय चळवळीने गावोगाव वाचनालये उभी केली नसती तर तेथील राजकीय जागृतीचा इतिहास निराळा झाला असता, हे आपणच अभिमानाने सांगतो. मग आपल्या वॉर्डातला बंद गाळा आपल्या नजरेतून सुटतो कसा?

दुसरीकडे असे मित्र आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत, जे म्हणतात: मिळते ते घ्या, सहा महिने तर सहा महिने, अटी घालत बसलात तर तेही जाईल. यांची अडचण आम्हाला समजते. तालमीला जागा नसलेल्या तरुणाला जमिनीच्या खंडाचा सिद्धांत ऐकवून उपयोग नाही. घ्यावी जागा, जरूर घ्यावी. परंतु अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सच्या कागदावर सही करताना आपण काय देत आहोत याचा हिशेब मांडावा. तुम्ही रंगरंगोटी कराल, वीज घ्याल, वस्तीला त्या दाराची सवय लावाल. बाराव्या महिन्यात निविदा निघेल तेव्हा तुमच्या श्रमाचे मोल बोलीत मिसळलेले असेल आणि तुमच्या हाती अनामत रकमेची पावती. सुधारणा झिडकारणे हा साहसवाद खरा. पण सुधारणेची मुदत मालकाला ठरवू देणे हा निव्वळ सुधारणावादही नव्हे, ती खुशीची वेठबिगारी आहे.

मागणी स्पष्ट असली पाहिजे. वस्तीने वापरात आणलेला पालिकेचा गाळा लिलावात काढता कामा नये; वापर चालू आहे तोवर करार आपोआप नवा झाला पाहिजे. छप्पर, वीज, पाणी यांची जबाबदारी मालक म्हणून पालिकेची राहिली पाहिजे. ती संस्थेवर ढकलली की काय होते ते रिव्हिंग्टन रस्त्याने दाखविले आहे. जागा कोणाला द्यावयाची हे मालमत्ता विभागाच्या अधिकाऱ्याने किंवा नगरसेवकाच्या मर्जीने ठरता कामा नये. वस्तीच्या खुल्या सभेत ठरावे आणि तेथे राहणाऱ्या भाडेकरूंना, झोपडीवासीयांना व फेरीवाल्यांना त्या सभेत मत असावे. ज्या वास्तूत घरे होऊ शकतात तेथे आधी घरे. कलेच्या नावाने कोणाच्या डोक्यावरचे छप्पर काढले जाऊ नये. कायद्याचा आधार नाही असे कोणी म्हणेल, तर चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना उत्तेजन हा नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत मोडतो. ती दुरुस्ती १९९३ च्या जूनपासून अमलात आहे. लोकनियुक्त सभागृहे मात्र पुष्कळदा अमलात नसतात: मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणुकांविना प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. त्या काळात कोणत्या मालमत्ता कोणाला किती मुदतीने गेल्या, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहर समितीने खणून काढावे.

आणि कामाला प्रारंभ करण्यासाठी कुलूप तोडण्याची घाई नको, परिसंवादाचीही नको. आपल्या वॉर्डात पालिकेच्या मालकीचे किती गाळे, किती शाळाखोल्या, किती समाजमंदिरे आणि किती जुन्या बाजारांचे ओटे बंद आहेत, केव्हापासून बंद आहेत आणि का, याची यादी पालिकेकडे मागावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. यादी हाती आली की ती वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचावी, एकेक गाळा, एकेक तारीख. दिल्ली, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील मराठी कॉम्रेडांनीही आपापल्या शहरांच्या याद्या याच रीतीने मिळवाव्यात आणि पक्षाच्या शहर समितीपुढे ठेवाव्यात.